शाळा आणि घर : येत्या सहामाहीचीं सूचनापत्रें

श्रावण लागला कीं शाळांकडून घरोघर सूचनापत्रें येऊं लागतात. पूर्वीं तीं मुलांच्या दप्तरांतून चुरगळून येत. आतां पालकांच्या भ्रमणध्वनीवर न चुरगळतां येतात, एवढाच काय तो फरक. स्वातंत्र्यदिनाचें संचलन, पहिली घटक चांचणी, ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, दिवाळीपूर्वींची सत्रपरीक्षा, मग विज्ञानप्रदर्शन, सहल, स्नेहसंमेलन, आणि फेब्रुवारीअखेर मराठी भाषा गौरव दिन व राष्ट्रीय विज्ञान दिन अशी ती यादी असते. पांचवी ते आठवी हे शाळेचे मधले वर्ग. यांना आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढींत मिडल स्कूल म्हणत आणि मराठवाड्यांत निजामी अमदानींत ‘वस्तानिया’ म्हणत. या वर्गांत ही यादी सर्वांत लांब असते. धाकटीं मुलें लहान म्हणून सुटतात, दहावीचीं मुलें परीक्षेच्या धाकानें सुटतात. मधल्या मुलांवर मात्र सर्व उत्सवांचा भार पडतो.

एकत्र कुटुंबांत अशी यादी वाचली गेली म्हणजे तिजवर तीन मतें पडतात. आजोबा म्हणतात, आमच्या वेळीं शाळा म्हणजे अभ्यास. हें रोज नवें नवें काय निघालें आहे? वडील खर्चाचा अंदाज करतात. आई मनांतल्या मनांत हिशेब करते कीं, यांपैकीं किती कामें अखेर आपल्या गळ्यांत पडणार. तिघांचेंही म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु तिघांच्याही बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, अभ्यास निराळा आणि कार्यक्रम निराळा. वर्गांत चालतें तें शिक्षण आणि वर्गाबाहेर चालते ती मौज. या समजुतीविषयींच आज आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. आमचें मत असें कीं, बारा वर्षांच्या मुलाला वर्गांतील धडा खरोखर समजला कीं नाहीं, हें उत्तरपत्रिकेपेक्षां या कार्यक्रमांतच अधिक लवकर कळून येतें. आणि तो समजावा कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं घरांतील मंडळींच्या हातीं असतें.

आदल्या रात्रीचे प्रकल्प

प्रथम ‘प्रकल्प’ या प्रकाराविषयीं. विज्ञान, भूगोल, इतिहास अशा विषयांत मुलांनीं एखादी वस्तु, तक्ता किंवा टिपण स्वतः तयार करून आणावें, अशी शाळेची अपेक्षा असते. अपेक्षा योग्य आहे. व्यवहारांत काय घडतें तें आपण सर्व जाणतों. आदल्या रात्रीं नऊ वाजतां मुलगा आठवण करून देतो. मग काका उघडें दुकान शोधावयास निघतात, आत्या सुबक अक्षरांत मथळे काढते, आई पुठ्ठा कापते, वडील आंतरजालावरून चार पानें उतरवून घेतात, आणि मुलगा दहा वाजतां झोंपीं जातो. दुसऱ्या दिवशीं तक्त्यावर त्याचें नांव, आणि नांवापुढें ‘उत्तम’ असा शेरा! याहून पुढची पायरी म्हणजे तयार ज्वालामुखी, तयार सूर्यमाला आणि तयार किल्ला विकत आणणें. हल्लीं तर विषय सांगितला कीं क्षणार्धांत सबंध निबंध लिहून देणारीं यंत्रेंही घरांत आलीं आहेत.

यांत शिक्षकांची फसवणूक होत नाहीं. त्यांना सर्व ठाऊक असतें. फसवणूक होते ती मुलाची. काम दुसऱ्यानें करावयाचें आणि नांव आपलें घालावयाचें, हा धडा तो वयाच्या बाराव्या वर्षीं आपल्याच माणसांकडून, मोठ्या प्रेमानें शिकतो. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. पण बाकीचे धडे विसरले तरी हा विसरला जात नाहीं. स्वतः ओढलेल्या वेड्यावांकड्या रेघांच्या तक्त्याला दोन गुण कमी मिळाले, तर घरांत कोणाचें काय बिघडतें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला एकदां शांतपणें विचारून पाहावें.

घरानें मदत करूं नये असें आमचें म्हणणें नव्हे. मात्र ती मदत हातांची नसावी. आठवणींची, प्रश्नांची आणि सवडीची असावी. येत्या कार्यक्रमांपैकीं तीन-चार घेऊन हें अधिक स्पष्ट करतों.

सतरा सप्टेंबर

पहिला कार्यक्रम मुक्तिसंग्राम दिनाचा. त्या दिवशीं छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, सिद्धार्थ उद्यानांतील स्मृतिस्तंभापाशीं शासकीय ध्वजवंदन होतें, शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, आणि पांच-सहा मुलें पाठ केलेलीं भाषणें म्हणून दाखवितात. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजीं स्वतंत्र झाला. हैदराबाद संस्थान मात्र निजामाच्या अमलाखालींच राहिलें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. सर्व तारखा बरोबर असतात. परंतु मुलाच्या मनावर त्यांचा ओरखडाही उठत नाहीं.

वास्तविक याच लढ्यांत शाळकरी मुलानें कान टवकारावे अशी एक गोष्ट आहे. हा लढा पुष्कळ अंशीं शाळांतून आणि वसतिगृहांतून उभा राहिला. संस्थानांत माध्यमिक व उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेंच. आपल्या भाषेचा आणि देशाभिमानाचा संस्कार मुलांवर व्हावा म्हणून ठिकठिकाणीं लोकांनीं पदरमोड करून शाळा चालविल्या. औरंगाबादेंत १९१५ सालीं निघालेली सरस्वती भुवन ही संस्था त्यांपैकींच एक. पुढें ज्यांनीं सबंध चळवळीचें नेतृत्व केलें ते स्वामी रामानंद तीर्थ आधीं हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. गोविंदभाई श्रॉफ हेही प्रथम औरंगाबादेंत शिक्षकच होते. आणि १९३८ सालीं औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत मुलांनीं ‘वंदे मातरम्’ म्हटलें, अधिकाऱ्यांनीं बंदी घातली, मुलांनीं संप पुकारला, आणि तें लोण हैदराबादपर्यंत पोंचून शेंकडों विद्यार्थ्यांवर विद्यालय सोडण्याची पाळी आली. त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आपल्या पदरीं घेतलें. एक गीत म्हटल्याबद्दल वर्गाबाहेर काढलें जाणें म्हणजे काय, हें सातवींतील मुलाला लष्करी हालचालींपेक्षां कितीतरी लवकर समजतें. त्याच्या भाषणाचा आरंभ येथून होऊं द्यावा.

याहून मोलाची सामग्री तर घरांतच असते. १९४८ सालीं ज्यांचें वय दहा वर्षांचें होतें तीं माणसें आतां नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या घरांत असे आजोबा किंवा पणजी आहेत, त्या घरांत मुलानें भाषण आंतरजालावरून उतरून घेणें म्हणजे अंगणांत विहीर असतां बाजारांतून पाणी विकत आणणें होय. मुलानें वही घेऊन त्यांच्यापुढें बसावें आणि साधे प्रश्न विचारावे. शाळेंत बसावयास काय होतें? पाटीवर पहिलीं अक्षरें कोणत्या लिपींत गिरविलीं? तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया म्हणजे कोणकोणत्या इयत्ता? हाली सिक्क्याचा रुपया आणि ब्रिटिश मुलखांतला रुपया यांत व्यवहार कसा होई? घर सोडून सरहद्दीपलीकडे कोणाकडे राहावें लागलें काय? आणि त्या सप्टेंबरांत घरांत काय शिजलें, कोण घाबरलें, कोण परत आलें? उत्तरें आजोबांच्याच शब्दांत लिहून घ्यावीं; व्याकरण सुधारूं नये. हें काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखें नाहीं. पाठ्यपुस्तक पुढच्या वर्षींही दुकानांत मिळेल. ही वही मिळेलच असें नाहीं.

येथें एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींस नम्रपणें सुचवावीशी वाटते. आठवणी सांगतांना रझाकार आणि शेजारी हे दोन शब्द मुलाच्या मनांत एकरूप होऊं देऊं नयेत. रझाकारांचे अत्याचार सांगावे. ते घडले आहेत आणि झांकण्याचें कारण नाहीं. पण त्याबरोबरच हैदराबादच्या ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचेंही नांव सांगावें. संस्थान भारतांत विलीन व्हावें असें लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांची हत्या झाली. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवरही संकट कोसळलें आणि त्याच्या चौकशीसाठीं पंडित सुंदरलाल यांची समिति पाठवावी लागली, हेंही सांगावें. मुलाच्या बांकावर शेजारीं जो मुलगा बसतो, त्याच्याही घरीं एक आजोबा आहेत. दोघांनीं आपापल्या वह्या एकमेकांस वाचून दाखविल्या, तर इतिहासाचा तास सार्थकीं लागला असें समजावें.

पाण्याचा धडा

दुसरा कार्यक्रम विज्ञानप्रदर्शनाचा. यासाठीं दूर जावयास नको. हें शहरच मुळीं पाण्याच्या प्रश्नावर वसलेलें आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी हें नगर वसविलें. तेथील वस्तीला पाणी मिळावें म्हणून त्यानें बांधविलेली नहर आजही नहर-ए-अंबरी या नांवानें ओळखली जाते. जमिनीखालून नळ नेऊन, कोठलेंही यंत्र न लावतां, केवळ उताराच्या बळावर पाणी नगरांत खेळविलें गेलें. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं असलेल्या पाणचक्कींत तर दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढविलें आहे, आणि तेथून पडणाऱ्या धारेच्या जोरावर जातें फिरविलें आहे. त्या जात्यावर फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जाई.

आतां मुलाला एवढाच प्रश्न विचारावा कीं, पाणी तर खालीं वाहतें. मग तें भिंतीवर चढलें कसें? उत्तर सांगूं नये. एक पारदर्शक नळी घ्यावी, तींत रंगीत पाणी भरावें, आणि दोन्ही टोंकें वर-खालीं करून पाहावयास त्याला तासभर एकटें सोडावें. स्नानगृह ओलें होईल, होऊं द्यावें. दोन्हीं टोंकांतील पाणी एकाच पातळीवर येऊं पाहतें हें एकदां डोळ्यांनीं दिसलें, म्हणजे झरा भिंतीपेक्षां उंचावर असला पाहिजे हें तो आपण होऊन म्हणेल. पुस्तकांतील दाबाचा नियम त्यानंतर वाचावा. मग तो पाठ करावा लागत नाहीं.

ज्याला पुढें जावयाचें असेल त्यानें आजच्या पाण्याचा विचार करावा. शहरास पाणी येतें तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ सालीं या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें लोकार्पण केलें. धरण सुमारें पन्नास किलोमीटर दूर आहे. परंतु खरी अडचण अंतराची नसून उंचीची आहे. धरण कांठोकांठ भरलें तरी त्याचें पाणी समुद्रसपाटीपासून सुमारें ४६४ मीटरांवर असतें, आणि शहर सुमारें ५६८ मीटरांवर वसलेलें आहे. म्हणजे अंबराचें पाणी उतरत आलें आणि आपलें पाणी शंभर मीटर चढत येतें. तेंही विजेच्या बळावर. गेलीं कित्येक वर्षें अनेक वस्त्यांना नळाचें पाणी कांहीं दिवसांच्या अंतरानें मिळत आलें, त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण मुलानें ही एक वजाबाकी केली तरी तो वर्तमानपत्र अधिक समजून वाचूं लागेल. घरांतील माणसें किती, एका दिवसाला बादल्या किती, धुण्याला किती, देवपूजेला किती आणि नळ उघडा राहून वाया किती, याचें कोष्टक त्यानें आठवडाभर मांडावें. विकत आणलेल्या ज्वालामुखीपेक्षां तें कोष्टक प्रदर्शनांत कमी शोभेल. पण त्यांतील प्रत्येक आंकडा त्याचा स्वतःचा असेल.

सहल

तिसरा कार्यक्रम सहलीचा. हा मुलांच्या सर्वांत आवडीचा आणि मातांच्या सर्वांत काळजीचा. प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं बंद असतात आणि वेरुळचीं मंगळवारीं. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथें प्रवेशशुल्क पडत नाहीं. वेरुळ शहरापासून सुमारें तीस किलोमीटर, तर अजिंठा सुमारें शंभर. म्हणून अजिंठ्याच्या दिवशीं दुसरें कांहीं पाहण्याचा हट्ट धरूं नये. एका दिवसांत दौलताबाद, वेरुळ, खुलताबाद आणि पाणचक्की असा सपाटा लावणाऱ्या सहलींतून मुलें परततात तीं केवळ वाहनांत म्हटलेलीं गाणीं आणि खाल्लेले पदार्थ यांचीच आठवण घेऊन.

घरानें करावयाचें तें इतकेंच कीं, निघण्यापूर्वीं मुलाच्या खिशांत दोन प्रश्न घालावे. वेरुळास चौतीस लेणीं आहेत. पहिलीं बारा बौद्धांचीं, तेरा ते एकोणतीस हिंदूंचीं आणि शेवटलीं पांच जैनांचीं. तर एकाच डोंगरांत तीन धर्मांचे लोक शेजारीं शेजारीं खोदकाम करूं शकले, हें कशावरून कळतें तें पाहून ये. सोळावें लेणें म्हणजे कैलास. तें पायापासून कळसाकडे बांधलेलें नसून कळसापासून पायाकडे खोदलेलें आहे. घर बांधणाऱ्या गवंड्याची चूक दुसरी वीट लावून सुधारते. येथील शिल्पकाराची चूक कशी सुधारली असती, याचा विचार करून ये. अजिंठ्यास जाणाऱ्यानें भिंतीवरील चित्रांखालचा मातीचा गिलावा पाहावा. त्यांत भुसा व तंतु मिसळलेले आहेत. चित्रांतील निळा रंग अफगाणिस्तानाकडून आलेल्या दगडाचा आहे. मग त्या काळीं हा दगड येथवर कोणत्या वाटेनें आला असेल, हा भूगोलाचा प्रश्न झाला. आणि दहाव्या लेण्यांत १८१९ सालीं तेथें आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें खांबावर आपलें नांव कोरून ठेविलें आहे, ही गोष्ट अवश्य सांगावी. ज्यांनीं तीं चित्रें काढलीं त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत; ज्यानें नुसता ओरखडा काढला त्याचें नांव मात्र राहिलें. मुलानें यांतून कोणाचें अनुकरण करावें, हें त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं.

दप्तराविना दहा दिवस

आतां एका नव्या गोष्टीविषयीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत असें म्हटलें आहे कीं, सहावी ते आठवीच्या काळांत मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून शाळेंत यावें आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांपाशीं बसून काम शिकावें. अशा दिवसांची सूचना आली म्हणजे सुशिक्षित घरांतून नाकें मुरडलीं जातात, हें आमच्या कानीं आलेलें आहे. आमच्या मुलाला कोठें सुतारकी करावयाची आहे, असें म्हटलें जातें. हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. आपल्या वर्गाचा एक जुना दोष असा कीं, अक्षर हातीं आलें आणि हत्यार हातांतून गेलें. ज्या हातानें कधीं रंधा धरला नाहीं त्याला काटकोन ही केवळ व्याख्या वाटते. ज्यानें एक पाट रंधून पाहिला, त्याला काटकोन चुकल्याचें बोटांना कळतें.

आणि या शहराइतकी सोय अन्यत्र क्वचित् असेल. येथें सूत आणि रेशीम एकत्र विणणारी हिमरूची कला आहे. पैठणास पैठणीचे माग आहेत. आईच्या लग्नांतली पैठणी पेटींतून वर्षांतून एकदां निघते. तिच्या पदरावरील मोर किती धाग्यांनीं उमटला, हें मुलीनें—आणि मुलानेंही—मागावर बसलेल्या माणसाकडून समजून घ्यावें. ती मोजदाद हेंच गणित. त्या कारागिराला मुलांनीं ‘अहो काका’ म्हणून हांक मारावी आणि परतल्यावर त्याचे आभार मानणारें पत्र स्वतःच्या अक्षरांत लिहावें. तोच मराठीचा निबंध.

उरलेलें थोडें

स्नेहसंमेलनाविषयीं फार लिहीत नाहीं. भाड्याच्या झगमगीत पोषाखांपेक्षां घरांतील जुनें उपरणें बरें, आणि चित्रपटांतील गाण्यावरील नाचापेक्षां मुलांनीं स्वतः लिहिलेला दहा मिनिटांचा प्रवेश बरा, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. परीक्षांविषयींही आज लिहीत नाहीं. तो विषय पुढील अंकीं घेऊं. मात्र वर सांगितलेल्या कामांनीं परीक्षेचें नुकसान होईल, ही भीति कोणी बाळगूं नये. ज्यानें पाण्याची पातळी डोळ्यांनीं पाहिली, त्याला त्यावरील प्रश्न अवघड जात नाहीं.

तर या महिन्यांत वाचकांनीं एवढें करावें. सूचनापत्र आलें म्हणजे तें मुलाकडूनच पंगतींत मोठ्यानें वाचवून घ्यावें. आजोबांनीं व आजींनीं मुलाला आठवड्यांतून एक तास द्यावा, आणि त्या तासांत उपदेश न करतां आठवणी सांगाव्या. वडिलांनीं प्रश्न विचारावे. उत्तरें देऊं नयेत. काका-आत्यांनीं कात्री व डिंक मुलाच्या हातीं देऊन आपले हात आंवरावे. आईनें रात्रीं नऊनंतर आठवलेल्या कोणत्याही प्रकल्पाची जबाबदारी घेऊं नये, आणि त्याबद्दल घरांत तिला कोणी बोल लावूं नये. एक-दोन वेळां मुलगा रिकाम्या हातानें शाळेंत जाईल. तिसऱ्या वेळीं तो आठ दिवस आधीं आठवण करील, आणि पुठ्ठा स्वतः कापील.